लेकीचं पाणी
कब्वे शहरातल्या शिशाच्या बंद खाणीतून झिरपणारं पाणी आमच्या ओढ्याला मिळतं. त्यातलं शिसं अडवणाऱ्या मातीच्या स्वस्त गाळणचकत्या मी भाजते. गाळलेलं पाणी स्वच्छ ठरल्याचा तपासणीचा कागद दाखवला, तेव्हा वस्तीतल्या बाना कासोंदे म्हणाल्या, “कागद राहू दे, पोरी. तू सांगतेस ना, मग पितो आम्ही.” तीन महिन्यांनी लेकीला पाठीशी बांधून त्यांच्याकडे गेले. रीतीप्रमाणे त्यांनी माझ्या चकतीतून गाळलेल्या पाण्याचा आधी स्वतः घोट घेतला, मग दोन्ही हातांनी पेला मला दिला. मी प्यायले. “आता या राणीसाहेबांना,” म्हणत त्यांनी पेला लेकीच्या ओठांशी नेला. माझा हात आपसूक आडवा गेला. “तिला घरचंच पाणी लागतं,” मी पुटपुटले आणि पिशवीतून दुकानातली सीलबंद बाटली काढली. मला त्यांच्याकडे बघवेना. अंगणात तेच पाणी पिणाऱ्या नातीच्या हातून त्यांनी हळूच भांडं काढून घेतलं.