हुतात्म्याचं मृत्युपत्र

मुरुमच्या मातीनं देशाला एक हुतात्मा दिला होता. शके १७७९ मध्ये, सत्तावनच्या बंडात, वीर बसवंतप्पा नळदुर्गाजवळ इंग्रजांच्या गोळीनं पडले, याबद्दल गावात कुणाला तिळमात्र शंका नव्हती. समाधीच्या दगडावर तसं कोरलेलंच होतं. अडचण एवढीच, की त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी मृत्युपत्र केलं होतं.

"पुन्हा वाचा," हुतात्म्याचे नातू आणि शाळा समितीचे अध्यक्ष मल्लिनाथअप्पा म्हणाले.

रसूल मुन्शींनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला आणि पुन्हा तेच वाचलं. बसवंतप्पा वल्द शिवलिंगप्पा, मूळ राहणार मुरुम, हल्ली वस्ती कळंब, धंदा धान्याची आडत. सन १२९५ फसली, म्हणजे इंग्रजी १८८५. कळंबचं घर आणि दुकान बायको गिरिजाबाई आणि तिचे दोन मुलगे यांना. खाली सही, साक्षीदार, तहसिलीचा शिक्का.

सतरंजीवर बसलेले शाळा समितीचे चौघे जण एकदम पान लावायला लागले.

गावात नवं हायस्कूल व्हायचं होतं आणि त्याला वीर बसवंतप्पांचं नाव द्यायचं होतं. हा माणूस खरोखर होऊन गेला, असा एखादा कागद दाखवा, असं वरच्या साहेबांनी कळवलं होतं. आजोबांच्या नावाचा कागद कळंबच्या जुन्या दप्तरात आहे म्हटल्यावर मल्लिनाथअप्पा स्वतः मोटारीनं जाऊन नक्कल घेऊन आले. वाचली मात्र नाही, कारण ती उर्दूत होती. ते शिकले सगळं उर्दूत. पण निजामाचं राज्य गेलं त्या आठवड्यात त्यांनी चावडीपुढं उभं राहून आपण उर्दू विसरल्याचं जाहीर केलं होतं. तेरा वर्षं ते शब्दाला जागले होते.

आतल्या दाराशी त्यांची थोरली बहीण रुद्रम्मा बसली होती. शाळेसाठी चार एकर देणार होती ती. जमीन तिच्या नावावर होती. आज्जीनं, म्हणजे सिताबाईनं, मरताना तिला दिलेली.

रुद्रम्माला आज्जी दिसायला लागली. विसाव्या वर्षी, पदरात तान्हं पोर असताना तिच्या बांगड्या फुटल्या. कुंकवाच्या जागी नुसती विभूती. पुढची सगळी हयात एकाच रंगाचं लुगडं, म्हणजे बिनरंगाचं. कुणाच्या घरी हळद लागली, की ही आपण होऊन मागच्या दारानं शेताकडं निघून जायची. दर सोमवारी समाधी धुवायची, बेल वाहायची. आणि मेलेला माणूस कळंबात तूर तोलत बसला होता.

"जिता होता मुडदा!" रुद्रम्मा उठलीच. "गिरिजाबाई म्हणं! अन् माझी आज्जी कोरं कपाळ घिऊन जन्मभर दगुड धूत बसली!"

"अक्का, हळू बोल. चार लोक बसलेत."

"बसू दे की! पान खायाला बसलेत, ऐकायला न्हाय व्हय? ह्याचं नाव शाळंला लागत असंल तर माझी जमीन मिळायची न्हाय. अन् तो दगुड उद्याच्या उद्या उपटून हिरीत टाका."

अप्पांचा चेहरा उतरला. जमीन गेली म्हणजे शाळा गेली, आणि शाळा गेली म्हणजे अध्यक्षपद गेलं. सापडला तो त्यांनी धरला.

"मुन्शीजी, तुम्ही पदरचं वाचताय. असं कुठं लिहिलेलं नसणार."

रसूल मुन्शींनी चष्मा काढून खिशात ठेवला. विलीनीकरणानंतर कचेरीनं त्यांना घरी बसवलं तेव्हाही ते इतके लाल झाले नव्हते.

"अप्पा, चाळीस वर्षं लोकांचे कागद वाचले. एक नुक्ता पदरचा घातला नाही. घ्या. गावासाठी विसरलात, आजोबांसाठी आठवा. शेवटचं कलम मागच्या बाजूला राहिलंय."

अप्पांनी कागद हिसकावला आणि रागाच्या भरात खणखणीत आवाजात, एका दमात वाचून काढला. कुठं अडखळले नाहीत. मग समितीसाठी तेच मराठीत सांगताना मात्र आवाज खाली खाली गेला.

"मुरुमची जमीन, विहीर व घर यांवर माझा दावा उरलेला नाही. दहा वर्षांमागं मी हिस्सा मागायला तिथं गेलो असता मला माझी समाधी दाखवण्यात आली. बायको सिताबाई हिनं पंचांपुढं सांगितलं, की माझा नवरा ह्या दगडाखाली आहे, हा इसम कोण ते मला ठाऊक नाही. गावानं मला तोतया ठरवून शिवेबाहेर घालवलं. शिवेपर्यंत सिताबाई स्वतः आली. म्हणाली, तुम्हाला कळंबच्या बाजारात त्या दुसऱ्या बाईसंगं पाहिलं, त्याच दिवशी घरी येऊन बांगड्या फोडल्या आणि दगड घडवायला टाकला."

अप्पांनी कागदाची घडी घातली.

"मग ती गोळी?" समितीतल्या एकानं विचारलं.

रुद्रम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं पुन्हा पानाचा डबा ओढला. तिचा राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते तिला उमजेना. ती उंबऱ्यावर टेकली.

"जमीन देते," ती म्हणाली. "नावबी तेच ऱ्हाऊ द्या. आज्जीनं मारलाय त्येला. मेलेलाच ऱ्हाऊ द्या."

ठराव एकमतानं मंजूर झाला. वीर बसवंतप्पा हायस्कूल सन बासष्टच्या जूनमध्ये सुरू झालं. पहिल्या वर्षी पटावर त्रेसष्ट विद्यार्थी होते. मुलगी एकही नव्हती.