हस्तिदंताची बाहुली

"देशसेवेसाठी," यानलिन म्हणाला.

इशिवातारी गुरुजींनी हातातला शिक्का पुन्हा डबीत ठेवला. वैद्यकीच्या शाळेत कुणाला घ्यायचं ते त्यांच्या हातात होतं, आणि पोपटपंची त्यांच्यापुढे खपत नसे.

"चीनहून आलेला सकाळपासूनचा तू तिसरा, आणि तिघांचं उत्तर एकच. बोटीवर पाठ करून घेतात की काय रे? तुझ्या गोष्टी मी मासिकात वाचल्यात. चांगली लेखणी हातात आहे, ती टाकून मढी कापायला कशाला आलास? खरं सांग, नाहीतर उद्याच्या गाडीनं टोकियोला परत जा."

परत जायची यानलिनची तयारी नव्हती. या दारातून आत शिरायचं म्हणून दोन वर्षं तो जपानी घोकत होता. टोपीखाली गुंडाळलेली चिनी रिवाजाची वेणी त्यानं उगाच चाचपली.

"आईसाठी," तो म्हणाला. "गेली ती."

"कशानं?"

"वैद्यानं वर्षभर पोटाचं औषध दिलं. गाठ होती छातीला. शेवटची आंघोळ घालताना मावशीला दिसली, तेव्हा आम्हाला कळलं."

"वैद्य आंधळा होता का तुमचा?"

"आमच्याकडे बायका वैद्यासमोर येत नाहीत, गुरुजी. नाडी बघायला पडद्यातून नुसतं मनगट बाहेर काढतात. दुखणं कुठं आहे ते सांगायला हस्तिदंताची बाहुली असते, वीतभर. घरातलं कुणीतरी ती घेऊन पडद्याआड जातं. बाई दुखतं तिथं बोट ठेवते, आणि ती जागा घरच्या माणसानं बाहेर येऊन वैद्याला दाखवायची. आईनं पोटावर बोट ठेवलं."

गुरुजींना संताप आला, पण तो काढावा कुणावर हे कळेना. समोरच्या पोराची तर त्यांना दयाच येत होती. त्यांनी चहाचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"अरे, पण पडदा होता, बाहुली होती. लाज राखायची सगळी सोय करून ठेवली होती की! मग तिनं भलत्याच जागी बोट का ठेवावं?"

यानलिननं डबीतल्या शिक्क्याकडे पाहिलं.

"वडील परगावी होते. मावशी अजून आली नव्हती," तो म्हणाला. "बाहुली मी धरली होती."