शाफ्टवरचे लाल ठिपके

"साठच्या पुढे गेली की थरथरते," गॉगलवाला म्हणाला. "सीटखालून. अहो, दाढा वाजतात!"

दादाने जीपला एक फेरी मारली. हिरवी, चार इंच उंच करून घेतलेली, टायर ट्रॅक्टरला लाजवतील असे. त्या डोंगरमाथ्यावर गॅरेज एकच, दादाचं. धाकटा भाऊ दादा म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायला लागले होते.

"उंच कुणी केली?"

"आहे एक जण."

"घेतली कुणाकडून?"

"एकाकडून. तुम्ही थरथर बघा ना."

गाडी उंच केली की इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तिरका पडतो, आणि मग तो कुरकुर करतोच. त्यात नवल काहीच नव्हतं. पण साधं उत्तर द्यायला या माणसाचं काय जात होतं? दादाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दोघे चक्कर मारायला निघाले. साठला थरथर आली. दादाने गिअर काढला, गाडी नुसती वेगावर पळू दिली, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही, शाफ्टचाच.

"घरी कोण कोण असतं?" गॉगलवाल्याने मध्येच विचारलं.

"बायको."

"भाऊबिऊ?"

"होता."

"होता?" त्याने मान वळवून पाहिलं.

"गाडीचं बोला," दादा म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी भांडणात त्याने धाकट्याच्या कानाखाली वाजवली होती आणि "पुन्हा तोंड दाखवू नकोस" असं बजावलं होतं. धाकटा आपली निळी जीप घेऊन गेला तो गेलाच. पत्ता नाही, फोन बंद. चौकीत दादाचे जोडे झिजले. "बघतो" यापलीकडे कुणी काही बोललं नाही. बायको म्हणायची, येईल हो. दादाला मात्र ठाऊक होतं, त्याला कुणीतरी गाडीसाठी संपवलं. जीव देईल पण गाडी देणार नाही, असला तो प्राणी.

परत आल्यावर दादा पाना घेऊन गाडीखाली सरकला. फडक्याने शाफ्ट पुसला आणि त्याचा हात जागीच थांबला.

शाफ्टच्या एकमेकांत दात्यांवर बसणाऱ्या दोन तुकड्यांवर तीन-तीन लाल ठिपके होते. नेलपॉलिशचे.

ही रीत दोघा भावांचीच. शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर ठिपके द्यायचे आणि जोडताना ते पुन्हा जुळवायचे. रंग तेलाने जातो, नेलपॉलिश जात नाही, हा शोध धाकट्याचा. वहिनीच्या बाटल्या पळवायचा आणि शिव्या खायचा.

दादाने नखाने पत्रा खरवडला. हिरव्याखाली निळा रंग.

ठिपके लखलखीत होते, चिखलाचा कण नाही. पण समोरासमोर नव्हते. चांगले चार दाते सरकले होते. थरथर त्यामुळेच. धाकट्याने ठिपके न जुळवता शाफ्ट जोडला असता? झोपेतसुद्धा नाही! म्हणजे गाडी नंतर दुसऱ्या कुणीतरी उघडली होती. ठिपक्यांचा अर्थ ज्याला ठाऊक नाही अशाने.

गाडीखालून त्याला गॅरेजमागच्या घराच्या दारातले दोन बूट दिसले. गॉगलवाला त्याच्या बायकोशी हलक्या आवाजात बोलत होता.

दादा बाहेर आला. "काय गं, काय म्हणत होता?"

"पाणी मागत होता," ती म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

बघा! घरातही शिरायला लागला. दादाचं डोकं भणाणलं. माझ्या भावाचा घास घेऊन माझ्याच दारात पाणी पितोय मेला!

त्याने शाफ्ट सोडवला, ठिपके जुळवले, पुन्हा जोडला. दोघे चक्कर मारून आले. साठ, सत्तर, ऐंशी. गाडी लोण्यासारखी पळाली.

"सापडलं तुम्हाला!" गॉगलवाला खुलला. "काय होतं हो?"

"जोडणाऱ्याची चूक."

"ती तुम्हालाच सापडणार, असं ऐकलं होतं."

"थांबा. ग्रीस राहिलंय."

दादा पुन्हा खाली सरकला. या खेपेला ग्रीसचा डबा त्याने उघडलाच नाही. शाफ्टचं पुढचं टोक चार बोल्टवर असतं. ते सुटलं की रस्त्यात रुततं आणि गाडी कोलांटी घेते. त्याने चारही नट काढले आणि बोल्ट तसेच राहू दिले. नाक्यापर्यंतचा सपाट रस्ता ते धरून राहिले असते. पुढे उतार लागला की हादरे बसणार होते.

"जा आता," तो उठून म्हणाला. "बिनधास्त पळवा."

गॉगलवाल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. धूळ उडवत जीप गेली. छातीवरची दोन वर्षांची धोंड उतरल्यासारखा दादा स्टुलावर टेकला.

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. तिच्या हातात पाकीट होतं.

"त्यानं दिलंय. म्हणाला, गाडी दुरुस्त झाली तरच द्या, आणि मी गेल्यावर द्या. काय बाई गुपित!"

पाकिटात नेलपॉलिशची नवीकोरी बाटली होती आणि एक चिठ्ठी. अक्षर दादाने लांबूनच ओळखलं.

"दादा, गाडी माझीच, रंग तेवढा बदललाय. ठिपके मी मुद्दाम चुकवले होते. थेट यायचा धीर झाला नाही. दोस्ताला म्हटलं, दादाने माझे ठिपके ओळखूनही ते जुळवले तर समज, राग गेला. मी नाक्यावर थांबलोय. तिथून गाडी मी घेतो, उतारावरून खाली जाऊन बाजारातून काहीतरी घेऊन तासाभरात घरी येतो. बाटली वहिनीला दे, तिचं देणं फिटलं म्हणावं."

"काय लिहिलंय हो?" बायकोने विचारलं.

दादा ताडकन उठला, आणि त्याच्या खिशात चार नट खुळखुळले.