सोबतिणीचा रेनकोट

"रेनकोट दाखव," चौकीवर तपासणीला बसलेला नेव्ह म्हणाला.

डोक्यावर जानेवारीचं, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातलं ऊन रणरणत होतं, घोडमाश्या पोटऱ्या फोडत होत्या, आणि हा म्हातारा आपला एकेकाची पिशवी उपसून रेनकोट मागत होता. पण व्हिक्टोरियाच्या डोंगरात नियम म्हणजे नियम. शंभर किलोमीटरची शर्यत. या चौकीपासून पुढे शेवटच्या टप्प्याला पळणाऱ्याला एक सोबती घेता येतो. त्या सोबत्याच्या पाठीवरही रेनकोट हवाच. नसेल तर त्यानं इथूनच घरी जायचं.

इमोजेननं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. शिट्टी निघाली, बॅटरी निघाली, पट्ट्या निघाल्या. "नाहीये," ती म्हणाली. म्हणाली नेव्हला, पण बघत होती थोरल्या बहिणीकडे.

ब्रॉन उकडलेल्या बटाट्यांना मीठ चोळत बसली होती. तिनं मान वर केली नाही. रेनकोट गाडीत होता, पुढच्या सीटखाली. सकाळी तिनंच तो पिशवीतून काढून तिथे कोंबला होता.

"पिशवी भरली कुणी?" नेव्हनं विचारलं.

"ब्रॉननं. आमच्यात सगळ्यांच्या पिशव्या तीच भरते."

"मग राहिला असेल," ब्रॉन म्हणाली. "मी एकटीनं काय काय बघायचं?"

शर्यतीत होता ब्रॉनचा नवरा, लॉकी. दर उन्हाळ्यात या चौकीपासून त्याच्या बरोबरीनं पळायची ती ब्रॉनच. मग तिचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चाला, पळू मात्र नका. यंदा तिच्या जागी इमोजेन, घरातल्यांची इमो, आली. महिनाभर दोघं पहाटे कड्यावर पळायला जायची, येताना नदीत डुंबायची आणि ओल्या केसांनी स्वयंपाकघरात येऊन वाटेत दिसलेल्या कुठल्याशा सापावरून खिदळत बसायची. ब्रॉन अंडी तळायची. पंगतीला ती दोघं, आणि ही वाढपी. तसलं काही नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसलं असतं तर बरं झालं असतं, कडाकडा भांडता तरी आलं असतं. हिचा जीव जळत होता तो बहिणीच्या धडधाकट गुडघ्यांवर. आता गुडघ्यांवरून कुणाशी भांडणार?

झाडांतून लॉकी आला. तोंडावर घामाचं मीठ सुकलेलं. घडीच्या खुर्चीत धपकन बसला आणि पहिलं विचारलं ते, "इमो तयार आहे ना?"

ब्रॉनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिचा रेनकोट राहिलाय. सोडत नाहीत तिला."

लॉकीनं पाण्याची बाटली तोंडाला लावून रिकामी केली. "बरं. मग मी एकटाच जातो."

हे तिच्या हिशेबात नव्हतं. तो म्हणेल, जाऊ दे, झालं तेवढं पुरे, आणि आपल्याशेजारी बसून बटाटे खाईल, एवढंच तिनं सकाळपासून मनात घोळवलं होतं. ती दुखऱ्या गुडघ्यावर टेकून त्याचे मोजे बदलायला लागली. त्यानं स्वतःच बूट उचलला आणि डावा पाय उजव्या बुटात सारायला लागला.

"जातच नाहीये गं आत," तो म्हणाला. "पाय सुजलाय वाटतं." आणि पुन्हा रेटायला लागला.

वरच्या अंगाला काळे काकाकुवा ओरडत दरीत उतरत होते. नेव्हनं टोपी मागे सारून वर बघितलं. "कड्यावर भरून येतंय. गड्याला जायचं तर जाऊ दे. पण एकट्यानं..."

इमो हाताची घडी घालून उभी होती, आणि नजर ब्रॉनवरून ढळत नव्हती.

ब्रॉननं त्याच्या पायातून तो बूट काढून घेतला, बरोबरचा चढवला, नाडी बांधली. मग उठून लंगडत गाडीपर्यंत गेली आणि लंगडत परत आली.

"सीटखाली पडला होता," ती म्हणाली.

सीटखाली कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. इमोनं रेनकोट पिशवीत टाकला आणि लॉकीला हाताला धरून उठवलं. "आणते त्याला नीट, ब्रॉन."

"जा आता. पुरे झालं बोलणं."

दोघं पांढुरक्या निलगिरींत दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं आतून हसणं ऐकू आलं. पुन्हा तो सापच निघाला असणार. झक मारली आणि रेनकोट दिला, असं ब्रॉनच्या मनात आलंच.

ती पसारा आवरायला लागली. खुर्ची मिटली, बटाटे झाकले. इमोच्या कपड्यांची थैली उचलली तर तिची चेन उघडीच होती. सगळ्यात वर नीट घडी घातलेला एक रेनकोट होता. निळा. इमोचा नव्हे.

"तो माझाय," शेजारच्या तंबूतली बाई म्हणाली. "तुझ्या बहिणीनं सकाळी गाडीकडून येऊन मागून घेतला. मी म्हटलं, तुझा आहे की. तर म्हणाली, असू दे, ऐनवेळी लागला तर. लागला का गं?"

ब्रॉननं कड्याकडे बघितलं. वर ढगांचा काळोख झाला होता.

"नाही लागला," ती म्हणाली, आणि रेनकोट बाईच्या हातात दिला. मग खुर्ची बगलेत मारून गाडीकडे चालताना स्वतःशीच पुटपुटली, "यातसुद्धा पुढंच पळाली मेली."