सात लाख एकोणीस हजार

सर्व सुज्ञ वाचकांस सविनय कळवितो की, पुढील हकिगत मी, संसदेचा टंकलेखक, कोणाचीही भीड न धरता, घडली तशीच कथन करीत आहे.

प्राप्तिकराच्या नव्या विधेयकात करमुक्त उत्पन्नाची मर्यादा सात लाख एकोणीस हजार छापली गेली. विरोधी पक्षनेते कडाडले, "एवढा वाकडा आकडा! कोणत्या जावयाच्या मापाने शिवलाय?" त्यावर अर्थमंत्र्यांनी त्या आकड्यामागील सखोल अभ्यास दोन तास विशद केला.

वास्तविक ७१९ हा फायलीचा क्रमांक होता. तो मी अनवधानाने रकमेच्या रकान्यात टंकित केला, आणि 'हजार' हा शब्द तेथे अगोदरच छापलेला होता. निवृत्तीस चारच महिने उरले होते, गप्प बसणे सोयीचे होते; परंतु मनाची टोचणी सहन न होऊन मी उभयतांपुढे हात जोडून चूक कबूल केली.

मंत्री डोळे बारीक करून म्हणाले, "काका, किती दिलेत हो विरोधकांनी?"

पक्षनेते हसले, "मंत्र्यांनी पढवून पाठवलेला पोपट आहे हा. आम्ही काय दुधखुळे आहोत?"



दुसऱ्याच दिवशी, त्या अधिवेशनातला एकमेव ठराव एकमताने संमत झाला: टंकलेखकास हे बोलावयास कोणी लावले, याचा छडा लागेपर्यंत त्याचे निवृत्तिवेतन रोखण्यात यावे.

आपण विश्वास ठेवून येथवर वाचलेत, याबद्दल शतशः ऋणी आहे.
आपला नम्र,
टायपिस्टकाका