पोखरा ते जोमसोम, वीस मिनिटं

लग्नानंतरचा पहिलाच दशैं, म्हणजे आमचा नेपाळी दसरा होता. सासऱ्यांनी कपाळाला दही-तांदळाची टीका लावल्याशिवाय आमच्यात जावई पक्का होत नाही, आणि आज टीकेचा शेवटचा दिवस. बायको आधीच बसने माहेरी, जोमसोमला गेली. "दिवसभर धूळ कोण खाणार? विमानाने वीस मिनिटं," म्हणत मी नाक मुरडलं. मग चार दिवस वाऱ्यापायी उड्डाणच झालं नाही. आज एकदाचे उडालो. शेजारचे काका पहिल्या डोंगरापासूनच कागदी पिशवीत ओकत होते. जोमसोम आलं, छतावर टीकेचं ताट घेतलेले सासरेही दिसले, आणि वारा वाढला म्हणून विमान माघारी वळलं. काकांनी परतीसाठी माझी पिशवी मागितली. पोखऱ्याला उतरताच मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, दिसलात हो. बाबांनी टीका विमानाकडेच भिरकावली. म्हणाले, जावई पक्का. पण दही ताईच्या डोक्यावर पडलं. नवरा ठेवायचा का, केस धुऊन सांगते म्हणाली."