बंद पडणारा कॅल्क्युलेटर

कॅल्क्युलेटरनं पुन्हा मान टाकली. आलेखाची रेघ पडद्यावर अर्धी चढली होती, तिथंच विझली. पुनमनं चालू करायची कळ दाबली. पडदा उजळला. तिनं आकडे टाकले, पुढची कळ जरा जोरात दाबली आणि पडदा पुन्हा कोरा. नुसता ठेवला की शहाण्यासारखा चालायचा. काम सांगितलं की रुसायचा.

नवरा विजयकुमार सेनगावहून नवे सेल घेऊन आला होता, तेही घालून झाले. पडद्याचा उजेड कमी करून झाला. आतलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करून झालं. भिंतीवरचं घड्याळ मात्र एकदाही बंद पडलं नव्हतं. मुलाखतीची वेळ जवळ येत होती.

परदेशातल्या मुलांना घरबसल्या गणित शिकवायचं काम होतं. ती मुलं परीक्षेत आलेख काढणारा असलाच कॅल्क्युलेटर वापरतात. म्हणून शिकवणाऱ्यानं तो कॅमेऱ्यापुढं धरून एकेक कळ दाखवायची, असा कंपनीचा आग्रह. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली मुलाखत झाली, तेव्हा भर शिकवण्यात तो बंद पडला. समोरच्या बाई भल्या. यंत्र दुरुस्त करून या, म्हणाल्या. आज दुसरी संधी होती, आणि तिसरी नव्हती.

नांदेडला एम.एस्सी. करून पुनम साखऱ्यात सून म्हणून आली, तेव्हापासून तिचं गणित पोळ्यांच्या चळतीत अडकलं होतं. शाळेतली नोकरी सासरे संतराम यांनी एका शब्दात मोडीत काढली होती. सुनेनं उंबऱ्याबाहेर कमवायचं नाही. मग तिनं उंबऱ्याच्या आतलं काम शोधलं. त्यालाही त्यांनी नुसतं "बघू" म्हटलं होतं. ह्या घरात "बघू" म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. आज जमलं नाही, तर उरलेला जन्म ह्याच चार भिंतींत जाणार होता.

तिनं मागचं झाकण पुन्हा काढलं. सेल बाहेर घेतले आणि खिडकीच्या उजेडात आत नीट वाकून पाहिलं. कोपऱ्यातल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यात काहीतरी लाल अडकलं होतं. सेफ्टी पिननं टोकरल्यावर ते तिच्या तळहातावर पडलं. कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा होता तो. स्प्रिंगवर हळदीचा वाळलेला थरही होता.

पुनमच्या डोक्यात तिडीक गेली. खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या दिवशी, ती पाळीमुळं बाजूला बसली होती, मागच्या पडवीत. पूजेच्या खोलीत शिरायची तिला बंदी होती. त्या दिवशी सासूबाई पदराआड काहीतरी घेऊन तिच्या खोलीतून निघाल्या होत्या, ते तिनं पाहिलं होतं.

सासूबाई, सुमनबाई, दारातच सोयाबीन पाखडत होत्या. पुनमनं दाणा त्यांच्यापुढं धरला. "आत्याबाई, मला घरातच बसवायचं होतं तर तोंडानं सांगायचं. असं चोरून काहून केलं?"

सुमनबाईंनी सूप खाली ठेवलं. दाणा हातात घेऊन त्या बघत राहिल्या. चेहरा पार उतरला.

"ह्याच्यानं बंद पडत व्हतं?" त्या म्हणाल्या. "पूजेत मांडलं व्हतं गं मी. ट्रॅक्टरचं बोनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावतेत. म्हनलं, ह्याचा बी जीव आतच असंल, म्हनून मागलं झाकण काढलं."

ह्यावर रागवावं तरी कसं? पुनमला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. ज्या यंत्रावर तिचा सगळा जीव टांगला होता, ते कोणाच्या दुष्टाव्यानं नाही, भक्तीनं बंद पडलं होतं. तिनं स्प्रिंग खरवडली, कोरड्या फडक्यानं पुसली, सेल घातले. कळ दाबली, मग अंगठ्यानं जोर देऊन दाबली. रेघ चढली, वळली आणि पडद्याच्या पार टोकाला जाऊन पोचली. पुनमला हसूच फुटलं. तेवढ्यात टेबलावरचा लॅपटॉप मुलाखतीसाठी वाजू लागला.

आणि तेवढ्यातच संतराम अंगणातून आत आले.

"मजूर आले न्हाईत. सोयाबीन उन्हानं फुटून राहिलं. चला समदे रानात." त्यांनी टेबलाकडं नुसती नजर टाकली. "ते राहू दे आता. कपाटात ठिव आन् कुलूप लाव. पुना न्हाई काढायचं."

विजयकुमार त्यांच्या मागं उभा होता. त्यानं मान खाली घातली. बिघाड काढला होता, पण बिघाड यंत्रात नव्हताच. लॅपटॉप वाजतच होता.

सुमनबाई उठल्या. पदर खोचून त्या सुनेच्या आणि नवऱ्याच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. तळहातावरचा दाणा त्यांनी संतरामांपुढं धरला.

"ह्या तुमच्या हातच्या अक्षता," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला विळ्या-खुरप्याच्या रांगेत सुनंचं हे यंत्र मीच ठिवलं व्हतं, मुद्दाम. तुमी डोळे मिटून पुजलं. पुजलेलं अवजार बंद ठिवलं तर घर बसतं, हे लगीन झाल्यापासून तुमीच मला सांगत आलात. सोयाबीनला मी येते. आता लावा बघू त्याला कुलूप."